हात न पोचणारी जागा

आमच्या घरात कुणी कुणाचे पाय दाबत नसे. नवऱ्याचे बायको नाही, आईचे लेक नाही. गोरेगावात आमच्या आसपासच्या घरांत सांजच्याला लेकरं म्हाताऱ्यांच्या पोटऱ्यांवर उभी राहायची, सुना सासूच्या पायाशी तेलाची वाटी घेऊन बसायच्या. आमच्याकडे मात्र ज्याचं अंग दुखतं त्यानं ते आपल्याच हातानं दाबायचं. हा नियम माझ्या आजीनं, माझ्या वडलांच्या म्हणजे अण्णांच्या आईनं, घातलेला. आजीला मी पाहिलं नाही, तिची हकिगत मायच्या तोंडून ऐकली. आजी तरणी असताना गावातल्या मोठ्या घरांमधून तिला बाळंतिणी चोळायला बोलावणं यायचं. तिच्या हातात गुण होता म्हणत. तिनं चोळून झालं की बाळंतीण कढत पाण्यानं न्हायची, आणि जिथं आजी बसलेली असे ती जागाही सारवून घ्यायचे. न्हाणं तेलासाठी होतं, पण सारवणं कशासाठी होतं ते आजीला ठाऊक होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर पुन्हा बोलावणं आलं तेव्हा ती गेली नाही. घरी मात्र बोलली, की ज्या हाताचा त्यांना विटाळ होता तो हात आता मी माझ्याच अंगाला लावीन. ह्या घरातल्या बाईनं कुणाचं अंग चोळायचं नाही, अन् कुणाकडून चोळून घ्यायचं नाही. आजीचं ते बोलणं किती स्वाभिमानाचं होतं हे मला आता कळतं. त्यापायी आमच्या घरावर काय आलं तेही मीच सांगितलं पाहिजे, कारण सांगणारी आता मी एकटीच उरले आहे.

माझ्या मायनं, कौतिकाबाईनं, त्या नियमाची विद्या करून टाकली होती. दिवसभर निंदणं, नाहीतर कापूस वेचणं करून ती घरी यायची, दारातल्या दगडावर बसून कोमट पाण्यानं पाय धुवायची आणि चुलीवर लोखंडी पळीत करडीचं तेल ठेवायची. त्यात लसणाच्या दोन पाकळ्या अन् चिमूटभर ओवा. पाकळी तांबूस झाली की पळी खाली उतरायची. तो वास आला की मला भूक लागायची, कारण त्याच्यानंतर भाकरीच होत असे. माय भिंतीला टेकून बसायची, पाट्यावरचा वरवंटा जमिनीवर आडवा ठेवून त्याच्यावर तळवा मागंपुढं घोळवायची. मग तेलाचा अंगठा टाचेपासून वर, पोटरीतून गुडघ्याच्या लवणीपर्यंत. नेहमी वरच, कधी खाली नाही. रगत वर चढवायचं असतं, खाली ते आपसूक येतं, असं ती सांगायची. मग मांड्या मुठीनं कुटायची, बोटं मागं गुंफून मानेचे दोन दोर दाबायची, कानाच्या पाळ्या लाल होईस्तोवर चोळायची, आणि शेवटी उजवा हात डाव्या खांद्यावर, डावा उजव्यावर. तेलकट तळव्यांचा चप चप आवाज, बाहेर हापशाची करकर, सेनगावहून येणाऱ्या शेवटच्या जीपचा हॉर्न. एवढं झालं की ती परात पुढं ओढायची. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी. आम्ही दिवस बुडायच्या आत जेवायचो आणि जेवल्यावर तिघं जण गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत यायचो. लोक हसायचे.

तिचे असे बारीकसारीक नियम पुष्कळ होते. सकाळी जागं झालं की सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, हाताचा रेटा द्यायचा, मग उठायचं. उठल्यावर ग्लासभर ऊन पाणी. ओझं उचलताना गुडघ्यात बसायचं, कमरेत वाकायचं नाही. पाण्याचा हंडा जाताना एका कुशीवर घेतला तर दुसऱ्या खेपेला दुसऱ्या. निंदताना घटका-दोन घटकांनी उभं राहून हात आभाळाकडं ताणायचे, मग शेतमालक काही का म्हणेना. हापशावरच्या बायका तिला विचारायला यायच्या. कुणाचा खांदा धरलेला असायचा, कुणाची टाच. माय त्यांना समोर बसवून आपल्या अंगावर करून दाखवायची. त्यांच्या अंगाला बोट लावायची नाही. बहुतेकींना गुण यायचा, हे मी आरोग्यखात्यातली नोकरी करून झाल्यावरही सांगते. आज माझे गुडघे कुरकुरतात तेव्हा मी तेच करते, गोळी नंतर.

तिच्याकडं येणाऱ्यांत गंगूमावशी नेमानं यायची. ती धनगराची, गावाबाहेरच्या माळाला राहायची, पन्नासभर शेरडं-मेंढरं राखायची. तिच्या तळपायाची आग मायच्या वरवंट्यानं थांबली होती, तेव्हापासून दोघींची मैत्री. गंगूमावशी बोलायची कमी, बघायची जास्त. जनावराचं काय बिघडलंय ते त्याच्या चालीवरून तिला दुरून कळायचं, आणि माणसाकडंही ती तसंच, डोळे बारीक करून, पायांकडून वर बघायची.

मी सातवीत होते त्या पावसाळ्याच्या शेवटाला मायच्या पाठीत दुखायला लागलं. कमरेत नव्हे, कमरेच्या वर, दोन फऱ्यांच्या, खांद्यामागच्या पसरट हाडांच्या, मधून खाली उतरलं की जी जागा येते तिथं. पहिल्यांदा तिनं ते कुणाला सांगितलंच नाही. संध्याकाळी सगळं अंग दाबून झालं की ती एक हात वरून अन् एक हात खालून पाठीमागं न्यायची, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांपासून वीतभर दूर राहायची. मी ते बघत असे. मला ती गंमत वाटायची. वीतभर जागा, तिथं तिचा हात कुठूनच पोचत नव्हता. मग ती दाराच्या चौकटीला पाठ लावून, म्हैस खांबाला अंग घासते तशी, खालीवर व्हायला लागली. मग वरवंटा फडक्यात गुंडाळून जमिनीवर ठेवून त्याच्यावर उताणी पडायला लागली. उठताना तिचा चेहरा पांढरा पडलेला असायचा, पण मोकळं वाटलं म्हणायची. मिठाची पुरचुंडी तापवून ती चौकटीशी पाठीनं दाबून धरायची. एकदा पुरचुंडी फार तापली होती, चोळीला भाजल्याचा वास आला, मी ओरडले, तेव्हा तिला कळलं.

दसऱ्यापर्यंत तिचं जेवण अर्ध्यावर आलं. चोळीच्या बाह्या ढिल्या झाल्या. रोज दुपार कलली की अंगात कणकण यायची, डोळे तांबूस व्हायचे, अन् उन्हानं झालं असं ती म्हणायची, ढग असले तरी. ताट उचलायचं असलं तरी ती काठीसारखी ताठ राहून गुडघ्यांत बसायची आणि मांडीवर हात रोवून उठायची. तिचाच नियम होता तो, म्हणून आम्हांला त्यात वावगं दिसलं नाही. नंतर नर्सिंगच्या वर्गात बाईंनी फळ्यापुढं उभं राहून, मणक्याचा क्षय झालेला माणूस जमिनीवरची वस्तू कशी उचलतो ते करून दाखवलं, तेव्हा मी लिहिता लिहिता थांबले. हुबेहूब माझी माय खाली बसली होती.

अण्णा गवंड्याच्या हाताखाली काम करायचे, रोज पहिल्या जीपनं हिंगोलीला जायचे आणि दिवस मावळताना परत यायचे. त्यांनी दोनदा विषय काढला, की चल माझ्यासंगं, तिथं डॉक्टरला दाखवू. मायनं दोन्ही वेळा टाळलं. कापसाचा मोसम होता हे एक कारण तिनं सांगितलं. दुसरं तिनं सांगितलं नाही, पण मला दिसत होतं. जिच्याकडं अर्धं गाव दुखणं घेऊन येत होतं तिनं आपली पाठ घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं, हे तिला जड जात होतं. शिवाय डॉक्टर हात लावणार होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्यासोबत कापूस वेचायला जायला लागले. एका दुपारी आम्ही बांधावरून परत येत होतो. मी मायच्या मागं, माझ्या मागं गंगूमावशी शेरडं घेऊन. ऊन होतं, बांधावर सराटे पसरलेले होते. मावशीनं मागून हाक मारली, कौतिका, तुझी चप्पल राह्यली मागं. माय थांबली, खाली बघितलं. तिचा डावा पाय अनवाणी होता. चप्पल तीस-चाळीस पावलं मागं पडली होती आणि ती तेवढं सराट्यांतून चालत आली होती. तळव्यात चार काटे रुतलेले. मायनं ते नखानं उपटून टाकले, एकदाही सी केलं नाही. काटे काढताना ती पायाकडं असं बघत होती की जणू तो बाजारात विकायला ठेवलेला कुणाचा तरी पाय आहे.

गंगूमावशीनं शेरडं थांबवली. तिनं मायला पायांकडून वर बघितलं. मग म्हणाली, "कौतिका, शेळीचे मागचे पाय जायच्या आधी ती अशीच चालते. तू हिंगोलीला जा."

मायनं चप्पल घातली आणि ती पुढं चालायला लागली. मी पाठीमागून बघत राहिले. डाव्या पायाचा अंगठा दर पावलाला मातीत एक बारीक रेघ ओढत होता.

त्यानंतर चौथ्या दिवशीची गोष्ट. सकाळी अण्णांना भाकर बांधून द्यायला माय दारापर्यंत गेली, ओट्यावर उभी राहून जीप जाईस्तोवर थांबली. त्या दिवशी ती कापसाला गेली नाही. दुपारी मी अंगणात भांडी घासत होते. तिनं आतून हाक मारली. मी गेले तर तिनं घोंगडी अंथरलेली होती, त्यावर ती पालथी पडली होती, हात डोक्याच्या पुढं पसरलेले. दार लोटून घे म्हणाली. मग म्हणाली, तळव्यांना तेल लाव आणि माझ्या पाठीवर चढ.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आमच्या घरात असं कुणी करत नव्हतं. मी तसं म्हटलं. तिनं मान वळवली नाही, तोंड घोंगडीत ठेवूनच बोलली.

"मी सांगून राहिले ना. चढ."

मी भिंतीला हात धरून आधी डावा पाय तिच्या कमरेवर ठेवला, मग उजवा. मी तेव्हा अगदी काडी होते. तिच्या अंगातलं मांस कुठं गेलं होतं कुणास ठाऊक, तळव्याला सगळी हाडंच लागत होती. ती सांगेल तसं मी हळूहळू वर सरकत गेले. वर, अजून वर. आणि मग माझ्या उजव्या तळव्याखाली काहीतरी आलं. पाठीच्या कण्यातलं एक हाड बाकीच्यांपेक्षा वर उठलं होतं, मोठ्या बोराएवढं. माझा पाय आपोआप मागं आला.

"थांबलीस काहून?"

मी सांगितलं की माय, इथं हाड वर आलंय. बाहेर हापशावर कुणीतरी पाणी भरत होतं, तो आवाज मायनं थांबू दिला. मग म्हणाली, "तिथंच. तिथंच भार दे."

मी दिला. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी अभिमान वाटला होता. जी विद्या ती गावाला शिकवत होती तिच्यात माझ्या पायाची तिला गरज पडली होती. मी दोन्ही पाय जोडून त्या जागेवर उभी राहिले आणि भिंतीवरचा हात सोडला. आवाज वगैरे काही झाला नाही. फक्त माझ्या तळव्याखाली काहीतरी मऊपणे बसलं, भिजलेल्या जमिनीवर पाय दिल्यावर बसते तसं. मायनं एक लांब श्वास सोडला. बस म्हणाली. मी उतरले. तिनं बरं वाटलं म्हणून सांगितलं आणि तशीच पालथी पडून राहिली. मला वाटलं झोप लागली. मी दार उघडून पुन्हा भांडी घासायला गेले.

ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा तिनं पुन्हा हाक मारली. ह्या वेळी हाक वेगळी होती, फार हळू. ती कशीबशी कुशीवर वळली होती, हाताचा रेटा देऊन बसली होती, पाय पुढं पसरलेले. दोन्ही हातांनी ती उजवी पोटरी दाबत होती, अंगठा खालून वर, नेहमीसारखा. दाबून झालं की थांबायची, पोटरीकडं बघायची, पुन्हा दाबायची. तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, जरा चिमटा काढ. मी घोट्याच्या वर चिमटा काढला. काढलास का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं. अजून जोरात काढ म्हणाली. माझ्या नखाची खूण उमटली, तिथून रक्ताचा ठिपका आला. ती तो ठिपका बघत होती.

मी रडायला लागले. तिनं माझं मनगट धरलं. आयुष्यात तिनं मला इतकं घट्ट कधी धरलं नव्हतं. "ऐक. कुणी इचारलं तर सांगायचं, पाय महिन्याभरापास्नं असेच हळूहळू जाऊन राहिलते. तू पाठीवर पाय दिला न्हाईस. कुणीच दिला न्हाई. समजलं?" मी मान हलवली. तिनं ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, शाळेतल्या पाठासारखं.

मी माळावर धावत जाऊन गंगूमावशीला आणलं. तिनं दारातूनच बघितलं आणि जमलेल्यांपैकी कुणाला मायला उचलू दिलं नाही. आमचं कवाड चौकटीतून काढायला लावलं, त्यावर मायला सरकवलं, आणि दोन लुगड्यांनी बांधलं, अंग हलू नये म्हणून. एवढ्यात अण्णांची जीप आली. अण्णा उतरले, त्यांनी मायकडं बघितलं, तिच्याजवळ गुडघ्यावर बसले, तिच्या पाठीखाली हात घालून तिला जरा कुशीवर कलती करून कवाडावर नीट केलं, आणि घरातून गोधडी आणून खांद्यापासून खाली पांघरली. उकडत होतं, तरी त्यांनी ती चारी बाजूंनी खोचली. माझ्याकडं एकदा बघितलं. विचारलं काहीच नाही. त्याच जीपची मागची बाकं काढून कवाड आत सरकवलं. हिंगोलीत डॉक्टरांनी तपासून नांदेडला न्यायला सांगितलं.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढले. मणक्याचा क्षय होता. दोन मणके पोखरून बसले होते आणि साठलेला पू आतल्या नसेवर दाबत होता. खोकला न्हाई तर टीबी कसा, असं अण्णा पुन्हा पुन्हा म्हणत होते. डॉक्टर मोठे शांत होते. त्यांनी मायला विचारलं, पाय कधी गेले? माय म्हणाली, महिना झाला, हळूहळू गेले. त्यांनी अण्णांना विचारलं. पाय गेले त्या दिवशी सकाळीच अण्णांनी तिला ओट्यावर उभं बघितलं होतं. अण्णा म्हणाले, व्हय, महिना झाला. मग डॉक्टर माझ्याकडं वळले. पाठ कुणी चोळली, तुडवली का? मी भिंतीवरच्या पालीकडं बघत नाही म्हटलं. त्यांनी ते सगळं कागदावर लिहून घेतलं. आधी औषधं सुरू करू, थोडे दिवस बघू, मग ऑपरेशनचं ठरवू, असं ते म्हणाले. सहाव्या दिवशी ऑपरेशन झालं.

पुढचं दीड वर्ष गोळ्यांचं. पहिले कित्येक महिने ती पलंगावर होती, आणि आमच्या घरातला नियम दिवसातून कितीतरी वेळा मोडत होता. दवाखान्यातल्या एका ताईनं मला शिकवलं होतं: दोन-दोन तासांनी कूस बदलायची, टाचांना तेल लावायचं, प्रत्येक सांधा हातात धरून हलवायचा, पाठीवर मात्र दाबायचं नाही. मी मायचा पाय हातात घेतला की ती भिंतीकडं तोंड करायची. सुरुवातीला मला वाटायचं तिला लाज वाटते. मग वाटायला लागलं, ती मला तिचं तोंड बघू देत नाही. मी तिचा घोटा फिरवायची आणि माझ्या तळव्याखाली ते मऊ बसणं पुन्हा पुन्हा यायचं. गल्लीतल्या बायका भेटायला यायच्या आणि दारातूनच बोलून जायच्या, कारण टीबी. आत येऊन पलंगावर बसायची ती एक गंगूमावशी. उन्हाळ्यात उजव्या पायाचा अंगठा हलला. मग पाऊल, मग गुडघा. डावं पाऊल आलंच नाही. पुढल्या पावसाळ्यात ती काठी घेऊन उभी राहिली, कण्यात कायमचा बाक घेऊन. डावा पाय ती कमरेतून उचलायची आणि तो जमिनीवर थापकन पडायचा. आमच्या घराचा तोच आवाज झाला. लांबून ऐकू यायचा.

दहावीनंतर काही वर्षांनी मी नर्सिंगला गेले. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत घरी आले तेव्हा मला राहवलं नाही. जेवणं चालली होती. मी म्हटलं, माय, त्या दिवशी मी पाठीवर उभी राहिले नसते तर. माझं वाक्य पुरं झालं नाही. मायनं घास खाली ठेवला. तिनं सांगितलं की तिच्या थोरल्या मावशीला, हट्ट्याला दिली होती तिला, पाठीत असंच हाड वर आलं होतं आणि ती वर्षाच्या आत गेली. चौकटीला पाठ घासताना मायला ते हाड लागलं होतं, माझ्या पायाला लागायच्या कितीतरी आधी. दाबून आत बसवलं तर मावशीसारखं होणार नाही असं तिच्या मनानं घेतलं होतं.

"मग मलाच काहून सांगितलं?" मी विचारलं.

"घरात सगळ्यात हलकी तूच व्हतीस," ती म्हणाली.

अण्णा इतका वेळ खाली मान घालून जेवत होते. ते म्हणाले, मला ठाऊक होतं. कवाडावर तिला नीट करताना चोळीवर तेलाचं पाऊल उमटलेलं दिसलं, पाच बोटांसकट, लेकराचं. म्हणून गोधडी पांघरली. नांदेडला ती चोळी त्यांनीच नळाखाली धुतली होती, साबण दोनदा लावून. पोरीवर यायला नको म्हणून डॉक्टरला महिना सांगितला. एवढं बोलून त्यांनी ताटात पाणी घेतलं. आम्ही तिघांनी सहा वर्षं एकाच छपराखाली काढली होती आणि तिघांनाही सगळं ठाऊक होतं. माय म्हणाली, भाकर गार होऊन राहिली, जेव. मी जेवले. त्या दिवशी मला वाटलं, सुटले.

पुढच्या वर्षी माझी पाळी हाडांच्या वॉर्डात लागली. तिथले मोठे डॉक्टर निवृत्तीला आलेले, शिकवायची हौस असलेले. एका सकाळी फेरी संपल्यावर मी त्यांना विचारलं, एक बाई होती म्हणून. मणक्याचा क्षय, पाय गेलेले. ऑपरेशन सहाव्या दिवशी झालं, एक पाऊल परत आलं नाही. असं का? त्यांनी चष्मा पुसला. पाय कधी गेले होते त्यावर असतं, ते म्हणाले. महिन्याभरात हळूहळू गेले असतील तर औषध देऊन थोडं थांबता येतं, आम्ही थांबतो. पण चालती बाई काही तासांत बसली असेल तर थांबायचं नसतं, जमेल तितक्या लवकर नस मोकळी करायची. तिथं प्रत्येक दिवस मोजावा लागतो. मग त्यांनी विचारलं, "बाईनं काय सांगितलं होतं?"

"महिना," मी म्हणाले.

"मग डॉक्टरांचं बरोबर होतं," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

कोर्स संपवून मी घरी आले. शिरड शहापूरजवळच्या उपकेंद्रावर नेमणूक झाली होती, जायच्या आधीचे दोन दिवस होते. माय ओट्यावर बसून डाव्या पावलाला तेल लावत होती, अंगठा खालून वर. त्या पावलाला काही कळत नव्हतं, तरी ती रोज लावायची. अण्णा बाजूला बसून सुतळी वळत होते. मायनं मला विचारलं, तिकडं एवढे मोठमोठे डॉक्टर असतात, तू कुणाला इचारलंस का गं, माझं हे एक पाऊल काहून न्हाई आलं?

अण्णांचे हात थांबले. त्यांनी वर बघितलं नाही.

"रोग जुना होता, माय," मी म्हणाले. "मुळातच उशीर झाला होता."

तिनं पावलाकडं बघितलं. "मलाबी तसंच वाटलं," ती म्हणाली, आणि पळीतलं उरलेलं तेल तिनं तळहातावर घेतलं.